भगुण्याखालचं पुस्तक

मित्रांनो, क्षणभर असं समजा की तुम्ही नऊ महिन्यांचे आहात. तुम्हाला नुकतंच बसता यायला लागलं आहे आणि मधूनच तुम्ही एका अंगावर कलंडता. हाताला लागेल ते तोंडात जातं. चमचा, चप्पल, आजीच्या लुगड्याचा पदर, काहीही. अशा वेळी एक मोठं माणूस तुमच्यासमोर गुळगुळीत, पातळ कागदाचं पुस्तक धरतं. तुम्ही आनंदानं त्यावर झडप घालता. कोपरा तोंडात जातो, भिजतो, टर्रकन फाटतो. लगेच तुमच्या पाठीत धपाटा बसतो. "फाडलंस ना? याला पुस्तकाची कदरच नाही!"

आता सांगा, अक्कल कोणाची कमी? नऊ महिन्यांच्या तुमची, की ज्यानं ते पुस्तक निवडलं त्याची?

याचं उत्तर मला गेली अठरा वर्षं माहीत आहे, पण मला विचारतं कोण! मी आठ पानांचं एक कापडी पुस्तक. आजवर साठ-सत्तर लेकरांनी मला चावलं, चोखलं, उशाला घेतलं. एकानं तर माझ्यावर शू केली. त्यांतल्या एकाचाही मला राग आला नाही. मोठ्यांचा मात्र पूर्वी फार यायचा. या वयात तोही उरला नाही. आता त्यांना पाहिलं की नुसतं तोंड वाकडं करावंसं वाटतं. पुढची हकीकत मी तशाच वाकड्या तोंडानं सांगणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

राणीसावरगावच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला पंचवीस-तीस घरांची एक वस्ती आहे. काही घरं शेतकऱ्यांची, काही मेंढ्या पाळणाऱ्यांची. वस्तीच्या अंगणवाडीत धुरपताबाई मदतनीस होती. खिचडी शिजवायची, झाडझूड करायची, लेकरांची नाकं पुसायची. दुपारी हात मोकळे झाले की जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून ती वाकळ शिवत बसायची. पावसाळ्यापूर्वी वस्तीतली निम्मी घरं तिच्याकडूनच अंथरुणं-पांघरुणं शिवून घेत.

तेव्हा अंगणवाडीत चित्रं म्हणजे भिंतीवरचा एकच तक्ता. तो टांगला होता मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. का, तर खाली लावला तर लेकरं हात लावतील! म्हणजे लेकरांसाठी आणलेल्या वस्तूला लेकरांपासून वाचवायचं. ही शहाणपणाची तऱ्हा तुम्हाला पुढंही भेटेल, लक्षात ठेवा. तक्त्यावर अननस होता, जहाज होतं आणि शहामृग होतं. वस्तीत अननस कोणी चाखला नव्हता. तरी रोज सकाळी वीस-पंचवीस लेकरं मान वर करून अननसाच्या नावानं ओरडत.

धुरपताबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण लेकरू कशाकडे बघतं ते तिला बरोबर दिसायचं. एक लेकरू तक्त्याकडे पाठ करून तिच्या मांडीवरच्या वाकळीचा लाल तुकडा बोटानं टोकरत होतं. दुसरं एक त्याच वाकळीवर छापलेल्या चिमणीशी काहीबाही बोलत होतं. धुरपताबाईनं हे आठ दिवस पाहिलं. मग तिनं वाकळ बाजूला ठेवली आणि मला शिवायला घेतलं.

माझ्या मुखपृष्ठावर आईचा चेहरा. कपाळाला लाल कापडाचं मोठं कुंकू. आत एक गाडगं होतं, त्याला खराखुरा खिसा, लेकराचा हात आत जाईल एवढा. एका पानावर तवा होता आणि त्यावर काढता-घालता येणारी भाकर. दुसऱ्या पानावर मेंढी हवी होती. त्यासाठी धुरपताबाई येडबाकडे गेली. येडबा म्हणजे वस्तीतला जुना मेंढपाळ. त्याचं फाटलेलं घोंगडं कुंपणावर पडलं होतं.

"येडबाभाऊ, ह्यातला वीतभर तुकडा द्या मला."

"कशाला?"

"मेंढी करायचीय, अंगणवाडीतल्या लेकरांला."

"माझ्याकडं सव्वाशे हायत की. एक आणून बांधू का तितं?"

"बांधा. मग लेंड्या काढायलाबी तुमीच या रोज."

येडबा हसला आणि त्यानं हातभर तुकडा कापून दिला. म्हणून माझ्या पानावरची मेंढी काळी आहे. कपाळावर पांढरा ठिपका, कान लोंबते, लोकर खरखरीत, आणि वासही मेंढीचाच. या भागात मेंढी दिसते ती अशीच.

तिच्या शेजारच्या पानावर एक डालगं होतं. मेंढ्या चरायला गेल्या की मागं राहिलेली कोकरं मेंढपाळ डालग्याखाली झाकून ठेवतात, तसलं. डालगं तरटाचं, वरच्या बाजूनं शिवलेलं, म्हणजे खालून उचलता यायचं. उचललं की आत मुठीएवढं कोकरू. सोडलं की कोकरू गायब. एकेक लेकरू हे चाळीस-चाळीस वेळा करायचं आणि चाळिसाव्या वेळीही पहिल्यासारखंच खिदळायचं. शेजारी बसलेलं मोठं माणूस तिसऱ्या वेळीच जांभई द्यायचं.

सुरुवातीला माझ्या मेंढीला डोळा म्हणून सदऱ्याचं बटण होतं. तिसऱ्याच दिवशी एका पोरानं ते दातानं तोडलं. धुरपताबाईनं त्याच्या तोंडात बोट घालून ते बाहेर काढलं. लगेच तिनं माझी सगळी बटणं उसवली आणि त्या जागी दोऱ्याचे डोळे भरले. तेव्हापासून माझ्यात गिळता येईल असं काहीच नाही. दर शनिवारी ती मला साबणानं धुवायची आणि वलणीवर वाळत घालायची. आणखी काय सांभाळायचं असतं हो पुस्तकात?

एकदा तालुक्याहून कोणी मोठ्या बाई आल्या. त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. "किती सुंदर! हे जपून ठेवा हं," असं म्हणून त्या गेल्या. तेव्हाच्या ताईनं लगेच मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवलं. जीप दिसेनाशी झाल्यावर धुरपताबाईनं पेटी उघडली आणि मला पुन्हा लेकरांच्यात टाकलं. "जपायचं तर लेकराला जपा," एवढंच ती म्हणाली.

पण धुरपताबाईचं वय झालं आणि ती घरी बसली. माझे वाईट दिवस तिथून सुरू झाले.

आता अंगणवाडीत सुकेशनीताई होती. ती वाईट नव्हती, मनापासून काम करायची, पण घाबरट होती. काही फुटलं, काही फाटलं, तर आपल्याला जाब विचारतील ही धास्ती तिला सदा असायची. त्यात एक दिवस नागेश आला. हा वस्तीतलाच, पुण्याला नोकरीला. मुलाच्या वाढदिवसानिमित्त त्यानं अंगणवाडीला वीस पुस्तकं दिली. ती त्यानं कशी निवडली ते मी त्याच्याच तोंडून ऐकलं, कारण तो ते अभिमानानं सांगत होता.

"ताई, दुकानात गेलो अन् सरळ सांगितलं. सगळ्यात जाड, सगळ्यात चकचकीत, अन् आवाज निघणारी पायजेत. अर्ध्या तासात काम खल्लास!"

"कोणत्या वयाची घेतली, दादा?"

"लहान मुलांचीच की."

सहा महिन्यांचं बाळ आणि सहा वर्षांचं पोर त्याच्या लेखी एकच. त्या अर्ध्या तासात त्यानं एकही पुस्तक पहिल्या पानापासून शेवटापर्यंत पाहिलं नव्हतं.

ती पुस्तकं काय होती, सांगतो. एक उघडलं की त्यातून कागदी राजवाडा उभा राहायचा. तो दुसऱ्याच दिवशी एका दोन वर्षांच्या मुलीच्या हाती सपाट झाला. एकात पाचशे चित्रं होती, एकेका पानावर चाळीस, मुंग्यांच्या वारुळासारखी. लेकरानं नेमकं बघायचं कुठं, हे ती काढणाऱ्यालाही माहीत नसावं. एकाला गाणारी बटणं होती. बटण दाबलं की गाय हंबरायची आणि मागून इंग्रजी गाणं लागायचं. लेकरं बटणं दाबत राहायची. चित्राकडे कोणी बघेना आणि एकमेकांशी कोणी बोलेना. पुस्तकच सगळं बोलून टाकत असेल तर लेकरानं बोलावं कधी? आठ दिवसांत त्याचे सेल उतरले. मग ती गाय पोट दुखणाऱ्या माणसासारखी कण्हू लागली आणि लेकरं तिला भिऊ लागली.

खोटं बोलणार नाही, त्या विसांत एक पुस्तक शहाणं होतं. जाड पुठ्ठ्याची चार पानं आणि फडक्याआडून डोकावणारं एक बाळ, बस्स. लेकरं त्याच्यावर तुटून पडली. ते नागेशनं निवडलंच नव्हतं. दुकानदारानं पिशवीत वर टाकलं होतं.

फाटायला लागली म्हणून सुकेशनीनं सगळी पुस्तकं, त्या शहाण्यासकट, पेटीत ठेवून कुलूप लावलं. पाहुणे आले की पुस्तकं बाहेर निघायची. तेव्हा लेकरांनी रांगेत बसायचं, हाताची घडी, तोंडावर बोट, आणि लांबून पुस्तकं पाहायची. तक्ता भिंतीवरून उतरून पेटीत गेला, एवढाच फरक.

आणि मी? एका सकाळी खिचडीचं भगुणं गॅसवरून उतरवायला फडकं सापडेना. सुकेशनीनं घाईत मला उचललं. त्या दिवसापासून मी फडकं झालो. भगुणं धरायचो आणि नंतर त्याच्याखालीच बसायचो. आईच्या चेहऱ्यावर भगुण्याच्या बुडाचा काळा गोल उठला. त्याच ओढाताणीत डालग्याखालचं कोकरू उसवलं आणि खरकट्याबरोबर बाहेर गेलं.

येडबाची नात दीपिका अंगणवाडीत आली ती याच सुमारास. तीन वर्षांची, केस भुरकट, डोळे टपोरे. तिचे आईवडील आपला वेगळा कळप घेऊन फिरतीवर असत, ती आजी-आजोबांकडे राहायची. घरी ती दिवसभर बडबडायची, आजीशी, कुत्र्याशी, मेंढ्यांशी. अंगणवाडीत मात्र पहिल्याच दिवशी तिला तोंडावर बोट ठेवायला सांगितलं. तिनं ते इतकं मनावर घेतलं की काढलंच नाही. आणि मग हीच मोठी माणसं विचारू लागली, ही पोर बोलत का नाही!

दिवाळीला नागेश पुन्हा आला. लेकरं आपली पुस्तकं वाचताना त्याला मोबाइलवर टिपायची होती. येडबा नातीला सोडायला आला होता, तो दाराशीच थांबला. नागेशनं एक पुस्तक उघडलं आणि दीपिकासमोर धरलं. पानावर एक गुबगुबीत पांढरा गोळा होता. त्याला काडीसारखे चार पाय आणि डोक्यावर गुलाबी फीत.

"बाळा, हे काय आहे? सांग बरं."

दीपिकानं तोंडावरचं बोट हळूच काढलं. तिनं चित्र नीट पाहिलं. ते कापूस वेचणीचे दिवस होते. वस्तीत ज्याच्या त्याच्या घरात असल्याच पांढऱ्या ढिगांवर लेकरं लोळत होती.

"कापूस," ती म्हणाली.

नागेश इतका हसला की त्याचा मोबाइल हलला. "येडबामामा, ऐकलं का? घरी सव्वाशे मेंढरं, अन् नात मेंढीला कापूस म्हणायलीय!"

लेकरांना सोडायला आलेल्या आया हसल्या. सुकेशनीही हसली. येडबाचा चेहरा उतरला. दारातूनच तो म्हणाला, "दीपे, मेंढी हाय ती. म्हण मेंढी."

"न्हाई."

"हाय म्हणलं ना!"

"न्हाई, आबा. कापूस हाय."

पुन्हा हशा झाला. दीपिकानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि बोट परत तोंडावर ठेवलं. त्यानंतर नऊ दिवस ते निघालं नाही. घरीही नाही.

दहाव्या दिवशी, शनिवारी, येडबा अंगणवाडीत आला. दीपिका त्याच्या धोतराला धरून उभी होती.

"बाई, हिचं नाव कमी करा. सोमवारी आमी मेंढरं घेऊन निघायलाव गोदावरीकडं. पोरगी आमच्यासंग येईल."

"मामा, सहा महिने गावाबाहेर?" सुकेशनी म्हणाली. मग चाचरत तिनं मनातलं सांगून टाकलं. "वाईट वाटून घेऊ नका, पण तिला जरा कमी समजतंय की काय, असं मलाही वाटायलंय."

"म्हणूनच नेतो. तिकडं तिला कोणी हसणार न्हाई."

तेवढ्यात दारात काठी वाजली. धुरपताबाई! हापशावर दीपिकाच्या आजीकडून तिच्या कानावर सगळं गेलं होतं. मी भगुण्याखाली होतो. तिचा आवाज मी दोन वर्षांनी ऐकत होतो.

"कोणची मेंढी ती, मला दाखवा."

सुकेशनीनं पेटी उघडून पुस्तक दिलं. धुरपताबाईनं ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं.

"ही? येडबाभाऊ, तुमच्या कोणच्या मेंढीला तुमी फीत बांधता हो?"

येडबानं पुस्तक हातात घेतलं. लक्षात घ्या, ते चित्र तो पहिल्यांदाच जवळून पाहत होता. तो बराच वेळ बघत राहिला.

"ही कोणच्या मुलखातली म्हणायची?" तो पुटपुटला. "अंगावर लोकर हाय का काय हाय... ह्यो तर कापूसच दिसायलाय की."

"मग लेकरू काय म्हणलं व्हतं?"

येडबानं पुस्तक मिटून खाली ठेवलं.

"पण मावशी," सुकेशनी हळूच म्हणाली, "पुस्तकात मेंढीच लिहिलंय ना."

"पुस्तकाला काय, लिव्हतंय ते. लेकराला डोळे हायत."

मित्रांनो, माझं तोंड सगळ्यात जास्त इथं वाकडं झालं. नागेश हसला, त्याचं मला काही नाही. त्याला हसण्यापलीकडे काही येत नसावं. पण येडबा? सव्वाशे मेंढ्या एकेक करून चेहऱ्यानं ओळखणारा माणूस. त्यानं छापील चित्रावर न बघता विश्वास ठेवला आणि समोर उभ्या नातीवर ठेवला नाही. छापलेलं म्हणजे खरंच असणार, असं त्याला अक्षरओळखीविना काढलेल्या सगळ्या आयुष्यानं शिकवलं होतं. छापणाऱ्यांनी या विश्वासाच्या बदल्यात त्याला काय दिलं? फीत बांधलेला कापूस.

"चुकलं माझं," येडबा म्हणाला. "पर आता काय उपेग, धुरपताबाई? पोरीनं बोलनंच सोडलंय. कुत्र्याशीबी बोलंना."

"माझं पुस्तक कुठाय?"

सुकेशनीचा चेहरा पडला. ती आत गेली, भगुणं उचललं आणि मला दोन्ही हातांनी बाहेर आणलं. धुरपताबाईनं मला मांडीवर घेतलं. जळक्या गोलावरून अंगठा फिरवला. एकेक पान उलटलं. डालगं उचलून पाहिलं आणि सोडलं.

"खिचडी तरी नीट उतरली ना?" शेवटी ती म्हणाली.

सुकेशनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिची दया यायला हवी होती. आली नाही.

"आता रडू नको. खाली बस. उभ्यानं लेकराचं पुस्तक दिसत न्हाई." सुकेशनी फरशीवर बसली. "अन् काय हाय, काय हाय, म्हणून इचारायचं न्हाई तिला. ती काय पोलीस ठाण्यात आलीय का?"

मित्रांनो, इथं थोडं थांबून माझं मागणं सांगतो, कारण एकदा का गोष्ट संपली की तुम्ही उठून जाल. उद्या तुमच्या घरी बाळासाठी पुस्तक आणायचं ठरेल. तेव्हा मोठ्यांना सांगा, दुकानात आधी खाली बसा आणि बाळाएवढे होऊन बघा. पान चावलं तर फाटतं का? कडा टोचते का? काही सुटून घशात जाईल का? पुसता किंवा धुता येतं का? चित्रातलं थोडं तरी बाळाच्या अंगणातलं आहे का? बाळाच्या हाताला त्यात काही काम आहे का, की पुस्तक नुसतं गाणार आणि बाळ नुसतं ऐकणार? आणि घरी आणल्यावर त्याला कुलूप लावू नका. चावलेलं पुस्तक हे वापरलेलं पुस्तक असतं. इतकं साधं आहे हे. तरी मोठ्यांना कळत नाही, म्हणून मी ते तुम्हाला सांगतो आहे.

तर धुरपताबाईनं मला जमिनीवर ठेवलं, दीपिकापासून हातभर अंतरावर, आणि ती भलतीकडेच बघत बसली.

बराच वेळ काही झालं नाही. मग दीपिकानं आजोबाचं धोतर सोडलं आणि ती माझ्यापाशी येऊन उकिडवी बसली. आईच्या गालावरचा काळा गोल तिला दिसला. तिनं वाकून त्यावर फुंकर घातली. भाजल्यावर घालतात तशी, तीनदा.

तिनं पान उलटलं. मेंढी पाहिली. आधी बोटानं, मग तळव्यानं, मग तिनं सरळ गालच टेकवला. नाक खुपसून वास घेतला. आणि मित्रांनो, तोंडावरचं बोट कधी निघालं ते कोणाला कळलंच नाही, पण तिची जीभ टाळूला लागली आणि कळप वळवताना मेंढपाळ काढतात तो आवाज खोलीत घुमला. टर्र, टर्र, टर्र. येडबा रडत होता असं मी म्हणणार नाही. तो खिशात तंबाखूची पिशवी शोधत होता, आणि ती त्याच्या हातातच होती.

दीपिकानं शेजारच्या पानावरचं डालगं उचललं.

आत काही नव्हतं. चार तुटके दोरे. अठरा वर्षांत मला स्वतःची लाज वाटली ती तेवढ्या एका क्षणी. तिनं डालगं सोडलं, पुन्हा उचललं. खाली वाकून पाहिलं. मग तिनं मान वर केली.

"कोकरू कुटं गेलं?"

सुकेशनी उत्तर द्यायला निघाली होती. धुरपताबाईनं तिचा गुडघा दाबला.

दीपिका उठली. आजोबाच्या खांद्यावर घोंगडं होतं, त्याचं टोक तिनं ओढलं आणि दोन्ही हातांनी त्यातली चिमूटभर लोकर उपटली. "आगं आगं, नवं हाय ते!" असं येडबा म्हणाला खरा, पण खांदा त्यानं आणखी खाली केला. तिनं ती लोकर तळव्यांत घोळवून तिची गोळी केली. परत येऊन बसली. डालगं उचललं, काळी गोळी आत ठेवली आणि डालगं हळूच सोडलं.

"बाई," येडबा सुकेशनीला म्हणाला, "नाव ऱ्हाऊ द्या हिचं. हिची आजी ऱ्हाईल हितं तिच्यापाशी. मी सोमवारी—"

"आबा, गप," दीपिका म्हणाली. "निजलंय ते."

येडबा गप्प झाला. सुकेशनीला मात्र राहवेना. ती काहीतरी बोलायला पुढं वाकली. तेव्हा दीपिका तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, तिचा हात हातात घेतला, त्यातलं एक बोट सरळ केलं आणि ते ताईच्याच तोंडावर ठेवलं.